नाकाला दुसऱ्यांदा हात लावण्याआधी

मागच्या अंकात नाकाच्या ऑपरेशनवर दीड पान लिहिलं आणि मला वाटलं, विषय संपला. परवा संपादक पिशवीभर पत्रं घेऊन दवाखान्यात आले. 'ऑपरेशन करू का' असं विचारणारी पत्रं त्यात थोडीच निघाली. बाकीच्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय, मनासारखं झालेलं नाही आणि पुन्हा करावं का, हा त्यांचा प्रश्न आहे. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांना.

असं होणं दुर्मीळ नाही. सौंदर्यासाठी नाकाचं ऑपरेशन केलेल्या शंभर जणांपैकी साधारण ५ ते १५ जण पुन्हा टेबलावर येतात, असं जगभरच्या नोंदी सांगतात. माझे स्वतःचे पेशंटही त्यात आहेत.

माझे वडील सुतार होते. शाहूपुरीत त्यांचं छोटंसं दुकान होतं. गुजरीतल्या सोनारांचा त्यांना फार हेवा वाटायचा. म्हणायचे, "त्याची चूक मुशीत जाते, माझी भुशात." बिघडलेली पाटली वितळवून पुन्हा घडवता येते. रंधा जास्त फिरला तर भुसा गोळा करून परत फळी होत नाही. नाक हे सुताराचं काम आहे. पहिल्या ऑपरेशनात बहुतेक वेळा काहीतरी काढलेलं असतं. दुसऱ्यात ते कुठून तरी आणून घालावं लागतं. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

आणि एक विनंती. नाकाचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवू नका. फोटोवरून नाक कळत नाही. ते बोटानं चाचपावं लागतं, आत दुर्बीण घालून बघावं लागतं.

प्रश्न : माझं वय २६. पाच महिन्यांपूर्वी बाहेरगावी जाऊन नाकाचं ऑपरेशन केलं. दांड्यावर उंचवटा होता, तो काढला. प्लास्टर निघालं तेव्हा नाक अगदी चाफेकळी दिसत होतं. आता शेंड्याच्या जरा वर गुबगुबीत फुगवटा आलाय, बाजूनं बघितलं की पोपटाची चोच. रोज सेल्फी काढून बघते आणि रडते. लग्न दोन महिन्यांवर आलंय. त्याआधी दुरुस्त होईल का? आजी म्हणते, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस म्हणून 'तू' म्हणते. लग्नाआधी ऑपरेशन नाही. दुसरा सर्जन 'करून देतो' म्हणाला तरी नाही.

पाच महिन्यांचं नाक हे अजून तयार झालेलं नाक नसतं. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांना दिसणारी बरीचशी सूज उतरते, म्हणून माणसाला वाटतं, झालं. शेंड्याची आणि शेंड्याच्या वरची सूज सगळ्यात शेवटी जाते. तिला वर्ष लागतं. कातडी जाड आणि तेलकट असेल, आपल्याकडे बऱ्याच जणांची तशीच असते, तर दीड-दोन वर्षं. दांडा खाली आणला की वरची कातडी आक्रसून त्या नव्या सांगाड्यावर बसायला हवी. जाड कातडी पटकन आक्रसत नाही. मग खाली पोकळी राहते आणि शरीर ती व्रणाच्या गाठीनं भरून काढतं. तुला दिसतोय तो फुगवटा असा असू शकतो.

दुसरीही शक्यता आहे. तिथली कूर्चा, म्हणजे नाकाचं मऊ हाड, पुरेशी कापलीच गेली नसेल. किंवा शेंड्याचा आधार सुटून शेंडा खाली उतरला असेल आणि त्यामुळे वरचा भाग उंच वाटत असेल. यातलं नक्की काय, ते सर्जनच्या बोटाला कळतं. मऊ, दाबलं की दबणारं असेल तर व्रण; टणक असेल तर कूर्चा.

मऊ असेल तर उपाय आहे, आणि तो लग्नाआधी सुरू करता येतो. ट्रायमसिनोलोन नावाच्या स्टेरॉइडचा अगदी थोडा डोस व्रणात खोलवर टोचतात. चार-सहा आठवडे थांबून पुन्हा बघतात. घाई करून जास्त टोचलं की कातडी पातळ होते, खळगा पडतो, पांढुरका डाग राहतो. रात्री कागदी टेप लावून झोपायलाही सांगतात. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच आधी जा. तिथे काय केलंय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. टणक निघालं तर ऑपरेशन लागेल, पण वर्ष पूर्ण झाल्यावर.

एवढं ठामपणे का सांगते? प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात अशीच एक नवरीमुलगी आली होती. तिची आई समोर बसून रडली, तारीख पुढे जात नव्हती, आणि मी सहाव्या महिन्यात नाक पुन्हा उघडलं. आत सगळे थर एकमेकांना चिकटलेले, हात लावावा तिथे रक्त. दिसेल तेवढा फुगवटा मी काढला. लग्नाच्या फोटोत नाक ठीक दिसलं. वर्षानं जेव्हा खरोखरची सूज उतरली, तेव्हा त्याच जागी खड्डा होता. मग कानाची कूर्चा आणून तो भरावा लागला. मी तिच्या तारखेचं ऑपरेशन केलं होतं, नाकाचं नाही. ती अजून दिवाळीला फराळ पाठवते, आणि डबा उघडताना मला दरवर्षी तो खड्डा आठवतो.

सेल्फी बंद कर. फोन तोंडाजवळ असला की नाक मोठंच दिसणार. एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१८ साली गणित मांडून दाखवलं. पाच फुटांवर हा फरक जवळजवळ जातो. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, दुसऱ्या कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांग. सकाळी नाक जरा सुजलेलं असतं, खारट जेवणानंतरही असतं. तेव्हा केळवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघून निष्कर्ष काढू नकोस.

आणि नथ. शेंड्याची कातडी अजून काही महिने बधिर असते. चाप घट्ट बसला तर दुखणार नाही आणि तुला कळायच्या आत जखम होईल. हलकी नथ घे, विधी झाले की काढून ठेव. नाकापेक्षा मोती जड ही म्हण या वेळी शब्दशः पाळ.

प्रश्न : डॉक्टर, मी पैलवान. वय २४. दोन वर्षांमागं सरावात जोडीदाराचं डोकं लागलं, नाक मोडलं. रक्त थांबलं म्हणून चार दिवस तसाच फिरलो. नंतर एका ठिकाणी ऑपरेशन करून नाक सरळ केलं. पण आता दांडा मधेच खचलाय, खोगिरावानी. डाव्या बाजूनं श्वास येत नाही, लढतीत दुसऱ्या मिनिटाला तोंड उघडावं लागतं. एक डॉक्टर म्हणाले, कानाची कूर्चा घालू. वस्ताद म्हणतात, आता नाकाचा नाद सोड. काय करू? – कोल्हापूर, एका तालमीतून

उत्तर : वस्तादांशी अर्धी सहमत आहे. आधी हे का झालं ते सांगते, कारण तुमच्या तालमीतल्या प्रत्येक पोराला ते माहीत असायला हवं.

दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो, त्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दोन्ही बाजूंनी जे अस्तर चिकटलेलं असतं, त्यातून तिचं पोषण होतं. मार लागला आणि अस्तराखाली रक्त साकळलं की पोषण तुटतं. दोन-तीन दिवसांत कूर्चा मरायला लागते, पू झाला तर आणखी लवकर. बाहेर घोळणा फुटून थांबलेला असतो, म्हणून पोरगं म्हणतं काही झालं नाही. मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या बंद वाटत असतील आणि आत मऊ, फुगीर गोळा दिसत असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं. ते रक्त काढून टाकायला फार वेळ लागत नाही. तुमचे ते चार दिवस महाग पडले असावेत.

दुसरं कारण ऑपरेशनातलंही असू शकतं. पडदा सरळ करताना वाकडी कूर्चा काढतात. पण वरच्या कडेची आणि पुढच्या कडेची निदान एक-एक सेंटिमीटर पट्टी शाबूत ठेवायची असते. घराची आडवी तुळई आणि पुढचा खांबच तो. तो बारीक झाला की छप्पर खचतं.

आता श्वास. एक सोपी चाचणी घरी करून बघा. डाव्या गालावर, नाकाच्या बाजूला दोन बोटं ठेवून कातडी हळूच बाहेरच्या बाजूला ओढा. श्वास एकदम मोकळा झाला तर अडचण नाकाच्या आतल्या झडपेत असण्याची शक्यता आहे. ही झडप म्हणजे पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यातली चिंचोळी फट. तिचा कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा असतो. दांडा खचला की ती मिटते. ती उघडी ठेवायला दोन्ही बाजूंना कूर्चेच्या बारीक पट्ट्या पाचरीसारख्या बसवतात. जॅक शीन या अमेरिकन सर्जननं १९८४ साली ही पद्धत मांडली आणि बिघडलेली नाकं दुरुस्त करणाऱ्या आम्हा सगळ्यांचं ते रोजचं हत्यार झालं. गालाची चाचणी करून काहीच फरक पडला नाही, तर पडदा अजून वाकडा आहे का ते आत बघावं लागेल.

या पट्ट्या आणायच्या कुठून? पहिली पसंती पडद्याची. तुमच्याकडे तो उरलेला दिसत नाही. दुसरी कानाची. इथे मला त्या डॉक्टरांना विचारावंसं वाटतं, की त्यांनी तुमचे कान बघितले का? पैलवानाचा कान म्हणजे मातीत घासून, आत रक्त साकळून, गाठी होऊन मिटलेला. तालमीत तो मानाचा. माझ्या टेबलावर बिनकामाचा. त्यातून सरळ पट्टी निघत नाही. आणि खचलेला दांडा उचलायला कानाची कूर्चा तशीही नरम पडते.

राहिली बरगडी. छातीवर चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेऊन बहुधा सहाव्या किंवा सातव्या बरगडीची कूर्चा काढतात. ऑपरेशन तीन-चार तासांचं, पूर्ण भूल देऊन. छातीचं दुखणं नाकाच्या दुखण्यापेक्षा जास्त असतं. फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडण्याचा धोका लहान आहे, पण आहे. चोविसाव्या वर्षी कूर्चा छान लवचीक मिळते. पन्नाशीनंतर तिच्यात चुना साठून ती ठिसूळ होते. मात्र बरगडीला एक खोड असते, ती वाकते. ओल्या लाकडाची फळी वाळताना पीळ खाते ना, तशी. वडील गाभ्यातली फळी वेगळी काढून ठेवायचे. गिब्सन आणि डेव्हिस या दोघांनी १९५८ साली बरगडीबद्दल नेमकं हेच दाखवलं, की गाभ्यातून, दोन्ही बाजू समतोल ठेवून तुकडा कोरला तर तो कमी वाकतो. हे मी पहिल्यांदा शिकले तेव्हा घरी पत्र लिहून कळवलं होतं. वडिलांनी उत्तरात एवढंच लिहिलं, "एवढं शिकायला मुंबईला जायची काय गरज होती?"

आता तुमचा निर्णय. बरगडी घालून बांधलेल्या नाकावर पुन्हा डोकं आदळलं तर सगळं पहिल्यापासून, आणि तेव्हा सामान आणखी कमी. निदान सहा महिने कुस्ती पूर्ण बंद ठेवायची तयारी हवी. त्यानंतरही धोका राहतो. अजून चार-पाच हंगाम लढायचं असेल, तर माझा सल्ला असा की आत्ता फक्त श्वासाची तपासणी करून घ्या. ॲलर्जीची सूज, वाढलेलं मांस, यातलं औषधानं काही कमी होत असेल तर तेवढं करा. दांडा उचलण्याचं काम कुस्ती थांबवाल तेव्हा. खचलेलं नाक वाट बघू शकतं. श्वास अजिबातच चालत नसेल, झोप मोडत असेल, तर मात्र एक हंगाम सोडा आणि दोन्ही कामं एकदम करून घ्या.

प्रश्न : ऑपरेशननंतर नाकावर छोटा खळगा राहिलाय. आमच्या पार्लरच्या ताई म्हणतात, एक फिलरचं इंजेक्शन, पाच मिनिटांत भरून निघेल. घेऊ का? – इचलकरंजी

उत्तर : नको. पार्लरमध्ये तर मुळीच नको.

नाकाच्या दांड्यावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर चुकून आत गेलं तर काही मिनिटांत दृष्टी जाऊ शकते आणि ती बहुधा परत येत नाही. नाकाची कातडी काळी पडून झडू शकते. ऑपरेशन झालेल्या नाकात हा धोका जास्त, कारण व्रणामुळे रक्तवाहिन्या एका जागी जखडलेल्या असतात, सुई आली तरी बाजूला सरकत नाहीत. काही अनुभवी सर्जन छोट्या खळग्यासाठी हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर देतात. ते हायल्युरोनिडेझ या औषधानं विरघळवता येतं आणि ते औषध हाताशी ठेवूनच सुई उचलायची असते. मी स्वतः दुसऱ्यांदा उघडलेल्या नाकात देत नाही. पार्लरच्या ताईंना ते औषध कुठे ठेवलंय एवढं विचारून बघा.

कुणी आधीच घेतलं असेल आणि कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर डाग आले, फार दुखायला लागलं किंवा अंधारी आली, तर बर्फ लावत बसू नका. ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : दुसऱ्या ऑपरेशनाआधी डॉक्टर म्हणतात तंबाखू बंद करा. मी विडी-सिगारेट ओढत नाही. सकाळ-संध्याकाळ मिसरी लावते, तेवढीच. ती चालेल ना? – करवीर तालुका

उत्तर : चालणार नाही, मावशी. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. एकदा उघडलेल्या नाकाच्या कातडीला रक्त आधीच कमी मिळतं. ऑपरेशनाच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बोट डबीकडे जाता कामा नये. डॉक्टरांपासून लपवून लावाल तर कातडी सांगेल.

प्रश्न : डॉक्टरताई, माझी मुलगी २३ वर्षांची. तीन वर्षांत दोनदा नाकाचं ऑपरेशन झालंय. आम्हाला तर नाक चांगलं दिसतं. तिला पटत नाही. दिवसातले तीन-चार तास आरशासमोर असते, तोंडाला ओढणी बांधूनच बाहेर पडते, नोकरी सोडली. आता तिसऱ्यांदा करायचं म्हणून वडिलांच्या मागे लागलीय. ते कर्ज काढायला निघालेत. – एक आई, गडहिंग्लज

उत्तर : ताई, कर्ज थांबवा.

माझ्याकडे तिसऱ्या ऑपरेशनासाठी कुणी आलं की मी एकच आरसा हातात देते आणि म्हणते, एका बोटानं दाखव काय नको आहे. ज्याची तक्रार नेमकी आहे तो लगेच बोट ठेवतो. इथे खड्डा आहे, ही नाकपुडी वर ओढली गेलीय, श्वास घेताना ही बाजू आत बसते. असं असेल तर तिसरं ऑपरेशनही योग्य ठरू शकतं. म्हणून तुमच्या मुलीचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्या. 'आम्हाला तर चांगलं दिसतं' हे वाक्य तिनं शंभरदा ऐकलं असेल. तिला श्वासाचा खरोखर त्रास नाही ना, हे एकदा तटस्थ डॉक्टरकडून तपासून घ्या.

पण तुम्ही लिहिलंय त्यावरून, आरशातले ते तास, ओढणी, सुटलेली नोकरी, मला वेगळी शंका येते. आपल्या शरीरातल्या एखाद्या बारीकशा, कधी कधी इतरांना न दिसणाऱ्या दोषानं माणसाचं सगळं मन व्यापून टाकणं, हा एक आजार आहे. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. नाकाच्या पुनःपुन्हा ऑपरेशनासाठी येणाऱ्यांत तो नेहमीपेक्षा जास्त आढळतो. त्यावर औषधं आहेत, बोलण्यातून करायची उपचारपद्धती आहे, आणि दोन्हींचा उपयोग होतो. सुरीचा होत नाही. नाक बदललं तरी आरसा तोच राहतो, आणि प्रत्येक वेळी नाकातलं सामान मात्र कमी होतं.

मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, पण 'तुला वेड लागलंय' असं म्हणून नव्हे. 'तुला फार त्रास होतोय, झोप नाही, त्यावर आधी काहीतरी करू' असं म्हणून. ऑपरेशनाचा निर्णय सहा महिने पुढे ढकलला, एवढंच सांगा. कायमचं 'नाही' म्हणालात तर ती एकटीच सर्जन शोधत जाईल. कुणीतरी तयार होणारा मिळतोच. जगणं नकोसं झाल्याचं तिच्या बोलण्यात आलं तर मात्र एक दिवसही थांबू नका.

आणखी एक विचारते, रागावू नका. लहानपणी तिच्या नाकाला घरात काही नाव होतं का? बसकी, फेंदारी, 'हिला कोण करून घेणार'? माझ्याकडे येणाऱ्या मुलींत असं नाव नसलेली क्वचित भेटते. ठेवणारी बहुतेक आत्या नाहीतर मामी असते, आणि तिला ते आठवतही नसतं.

प्रश्न : माझ्या पत्नीचं नाक ऑपरेशननंतर वाकडं झालं, एका बाजूनं शीळ वाजल्यासारखा आवाज येतो. त्याच डॉक्टरकडे जावं की दुसऱ्या? कागदपत्रं मागितली तर 'नंतर या' म्हणतात. पैसे परत मिळतील का? – जयसिंगपूर

उत्तर : शीळ वाजते म्हणजे पडद्याला भोक पडलेलं असू शकतं. त्यात खपल्या धरतात, अधूनमधून रक्त येतं. मिठाच्या पाण्यानं नाक ओलं ठेवा, बोट घालू देऊ नका, आणि महिनाभरात कुणाकडून तरी दुर्बिणीनं बघून घ्या. वर्ष थांबायचं ते बाहेरच्या आकारासाठी; तपासणीसाठी नाही.

पहिल्यांदा त्याच डॉक्टरकडे जा, आणि भांडायला जाऊ नका. वाकडं झालं हे मान्य करून पुढचा मार्ग सांगणारा डॉक्टर चांगला. 'तुमच्या मनाचा खेळ आहे' म्हणणारा असेल तर दुसरा शोधा.

पण कागद घेतल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नका. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ऑपरेशनची नोंद हवी. किती हाड काढलं, पडद्यातलं किती उरलं, सिलिकॉनचं काही घातलंय का, कूर्चा कुठली वापरली, हे तिच्यात असतं. ती नोंद नसेल तर दुसऱ्या सर्जनला दिवे गेलेल्या घरात फ्यूज शोधावा लागतो. तुमचा हक्क स्पष्ट आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, दाखल पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ऑपरेशनाआधीचे फोटोही मागा.

पैशांचं म्हणाल तर, नाक मनासारखं न होणं आणि हलगर्जीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलगर्जीपणा झाला असं वाटत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच ठरवलंय. तिथे दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागेल, आणि पुन्हा तेच कागद.

दुसरा सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का, किंवा कान-नाक-घशाचा एम.एस. असून नाकाच्या या कामाचा अनुभव आहे का, ते बघा. मग विचारा, दुसऱ्यांदा करायची किती नाकं केलीत, आणि तुमच्याच पेशंटना पुन्हा करावं लागलं तेव्हा काय केलंत? या दुसऱ्या प्रश्नावर जो 'माझ्याकडे असं होतच नाही' म्हणेल, त्याच्याकडून चहा पिऊन निघा.

प्रश्न : मी निवृत्त इतिहासशिक्षक. नाकाची शस्त्रक्रिया जगानं एका मराठी माणसाकडून उचलली, असं वाचलं होतं. काही जण तो माणूस कोल्हापूरचा होता म्हणतात. खरं काय? – कागल

उत्तर : गुरुजी, कोल्हापूरचा मान इथे सोडावा लागेल. ते पुण्याजवळ झालं. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा होता. मग पुण्याजवळच्याच एका कारागिरानं, विटा-मडकी करणाऱ्या जातीतल्या माणसानं, त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ही हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं १८१४ साली लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं आणि १८१६ साली त्यावर पुस्तक काढलं. कपाळाची ही रीत म्हणून जगभर 'भारतीय पद्धत' म्हणूनच शिकवतात.

आजच्या विषयाशी याचा संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. तीन-चार ऑपरेशनांनी किंवा फिलरनं नाकाची कातडीच गेली, की आत कितीही बरगडी घाला, वर पांघरायला काही नसतं. तेव्हा आम्ही अजून कपाळाकडेच जातो. कातडी खाली वळवायची, भुवयांमधला देठ तसाच ठेवायचा म्हणजे तिला रक्त मिळत राहतं, आणि साधारण तीन आठवड्यांनी तो कापायचा. त्या कारागिराची रीत सुमारे २५ व्या दिवशी देठ कापण्याची होती. कातडी कापण्याआधी त्यानं मेणाचं नाक करून ते कपाळावर सपाट पसरलं होतं आणि भोवती रेघ ओढली होती. मी टाक्यांच्या धाग्याच्या पाकिटाचा चंदेरी कागद वापरते. तो नाकावर दाबून बसवायचा, कात्रीनं कापायचा, उलगडून कपाळावर ठेवायचा आणि पेनानं रेघ ओढायची.